मसूरची तहान, पाटनगढची रेघ

भोपाळमध्ये कुणी ‘एमपी नगर’ म्हटलं की नवखा माणूस हमखास मध्य प्रदेश समजतो. मीही पहिल्यांदा तेच समजलो होतो. पण हे ‘एमपी’ म्हणजे महाराणा प्रताप. जवळच्या पुलाला चेतक पूल म्हणतात हे कळलं की शंका उरत नाही. स्वार आणि घोडा शेजारी शेजारी नांदताहेत.

या महाराणा प्रताप नगरात घोड्यावरून हिंडण्याची सोय मात्र नाही. झोन एक, झोन दोन, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, मॉल आणि क्लासेसच्या पाट्याच पाट्या. सकाळी पाठीवर दप्तर आणि हातात पोह्यांची प्लेट घेतलेली मुलं जिथे तिथे उभी असतात. माध्यमिक शिक्षा मंडळाच्या कचेरीमुळे इथल्या मोठ्या चौकाला बोर्ड ऑफिस चौराहा म्हणतात, आणि त्या चौकात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात सुमारे पावणेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. त्यालाही बाबासाहेबांचंच नाव दिलं आहे. तिथून जवळच रेल्वेचं राणी कमलापती स्टेशन. हे पूर्वीचं हबीबगंज, २०२१ पासून एका गोंड राणीच्या नावाने ओळखलं जाणारं.

म्हणजे इकडे बाबासाहेब आणि तिकडे गोंड राणी. मधल्या रस्त्याने रोज हजारो माणसं जातात. पण या दोन नावांची खरी गाठ पडली आहे ती एका पुस्तकात, आणि त्या पुस्तकातली चित्रं काढणारे हात याच भोपाळचे आहेत.

पुस्तकाचं नाव ‘भीमायन’. दिल्लीच्या ‘नवयान’ने ते २०११ मध्ये इंग्रजीत काढलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची, प्रस्तावना जॉन बर्जर या जगप्रसिद्ध कलासमीक्षकाची. याला कुणी चित्रकादंबरी म्हणतं, कुणी चित्रचरित्र. काटेकोर बोलायचं तर चरित्रच, कारण यातलं मुख्य कथानक कल्पित नाही. पण हातात घेतल्यावर हा काटेकोरपणा आपोआप गळून पडतो.

सुरुवात होते बसथांब्यावर. एक माणूस राखीव जागांच्या नावाने कुरकुर करतो आहे आणि तिथेच उभी असलेली बाई त्याला एका मुलाची गोष्ट सांगायला घेते. (हा थांबा महाराणा प्रताप नगरातला असता तरी चाललं असतं. अशी कुरकुर इथे रोज ऐकू येते.) ती गोष्ट आपल्या साताऱ्याची आहे.

१९०१ सालचा उन्हाळा. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात गोरेगाव इथे खजिनदाराची नोकरी करत होते. काम कसलं? दुष्काळात माणसं मरत होती म्हणून मुंबई सरकारने तलाव खोदायला घेतला होता, त्या कामावरच्या मजुरीच्या पैशांचा हिशेब. सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. नऊ-दहा वर्षांचा भीम आणि घरातली इतर मुलं साताऱ्याहून आगगाडीत बसली. आगगाडी त्यांनी आधी पाहिलीही नव्हती. प्रवासासाठी नवे कपडे शिवले होते, नव्या जरीच्या टोप्या, नवे बूट. मसूर स्टेशनवर उतरून ती वडिलांच्या माणसाची वाट पाहत बसली. कुणीच आलं नाही. पत्र पोचलं होतं, पण वडिलांपर्यंत गेलं नव्हतं.

स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. कपड्यांवरून ही पोरं ब्राह्मणांची वाटली त्याला. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला. गाडीवाले महारांच्या मुलांना गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. बरोबर डबा भरपूर होता, पाण्याचा थेंब नव्हता. रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे, मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागून पाहिलं. तिथेही मिळालं नाही. भरलेला डबा तसाच ठेवून मुलं उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास गिळायचा कसा?

पुन्हा एकदा नीट पाहा. बाप तलाव खोदणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब ठेवतो आहे, आणि त्याच तलावाच्या वाटेवर त्याचा मुलगा तहानेने व्याकूळ आहे. हा योगायोग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. पण हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे, १९३०च्या दशकाच्या मध्यावर कधीतरी लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा टिपणात. नाव पाहा. परक्या देशात शिरायला परवाना लागतो. हा माणूस आपल्याच सातारा जिल्ह्यात परवान्यासाठी ताटकळतो आहे. ते टिपण पुस्तिकेच्या रूपाने छापलं गेलं १९९० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चौतीस वर्षांनी.

‘भीमायन’चा बराचसा भाग या टिपणावर उभा आहे. पाणी, निवारा, प्रवास अशा तीन गोष्टींभोवती. आपल्याला यातले बहुतेक प्रसंग खैरमोडे, कीर यांच्या चरित्रांतून ठाऊक असतात. मग नवल कशाचं?

नवल चित्रांचं. मुख्य म्हणजे या चित्रांत चौकटीच नाहीत.

चित्रकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चौकोन येतात. ‘अमर चित्र कथा’ने १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला होता, तोही चौकोनांचाच. व्याम दांपत्याला प्रकाशकांनी जगभरच्या नावाजलेल्या चित्रकादंबऱ्या दाखवल्या. त्या पाहून दोघांनी सांगितलं की आम्ही आमच्या माणसांना डब्यात कोंडणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. आमची कला खुल्ली आहे. हा ‘खुल्ला’ शब्द त्यांचाच. मग पानापानांवरून नक्षीच्या पट्ट्या वळणं घेत जाऊ लागल्या. त्या पट्ट्या प्रसंग वेगळे करतात, पण भिंत घालत नाहीत. गोंडांच्या अंगणात आणि भिंतीवर बायका शेणमातीने सारवून जी नक्षी काढतात तिला डिगना म्हणतात. दुर्गाबाई लहानपणी तीच काढायला शिकल्या. त्यांना शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता संवादाचे फुगे पाहा. फुगे दोन तऱ्हांचे आहेत. ज्याचं बोलणं निर्मळ, त्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि माणूस बोलत नाही, नुसता विचार करतो आहे, तेव्हा त्या मजकुराजवळ एक डोळा काढलेला, कारण विचार म्हणजे मनाने पाहणंच. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही कळेल की इथे कोण डसतंय आणि कोण मायेने बोलतंय. मी हे पुस्तक पहिल्यांदा चाळलं तेव्हा नुसत्या नांग्या मोजत गेलो. मसूरच्या पानांवर त्या पुरेशा सापडतात.

वस्तूही स्वस्थ बसत नाहीत. आगगाडी साप होऊन सळसळते. बडोद्याला राहायला जागा न मिळालेला, परदेशातून शिकून आलेला तरुण कामाठी बागेत बसतो, तेव्हा त्याचं शरीरच बाग होऊन जातं. महाडला तो भाषणाला उभा राहतो तेव्हा ध्वनिक्षेपकांच्या तोंडून पाण्याच्या धारा सुटतात आणि समोरच्या माणसांवर बरसतात. १९ आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय घडलं हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण शब्द हेच पाणी आणि ऐकणं म्हणजेच पिणं, हे मला त्या पानापर्यंत सुचलं नव्हतं.

हे सगळं चमत्कृती म्हणून काढलेलं नाही. परधान हे गोंडांचे भाट. तीन तारांचा बाणा वाजवत यजमानांच्या घरी जायचं, त्यांच्या कुळाची आणि बडा देवाची गाणी म्हणायची, बदल्यात धान्य-कपडा घ्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. यजमान गरीब झाले, राजे गेले, बाणा मुका होत गेला. मग गाणं रेघेत उतरलं. त्या रेघेचा मूळ पुरुष म्हणजे जनगढ सिंह श्याम, मंडला जिल्ह्यातल्या (आता दिंडोरी) पाटनगढचा. भोपाळचं भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ ला सुरू झालं. त्याच्या आधी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी खेड्यापाड्यांत पाठवलेल्या मंडळींना भिंतीवरची या पोराची चित्रं दिसली आणि ते त्याला भोपाळला घेऊन आले. १९८९ मध्ये जनगढची चित्रं पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात होती. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनातही त्याचा हात दिसतो. २००१ मध्ये जपानमध्ये, घरापासून फार दूर, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पण तोवर त्याने गावाकडून भाऊबंद, सोयरे, भाचे बोलावून घेतले होते आणि त्या सगळ्यांनी ब्रश हातात घेतला होता. या शैलीला आता ‘जनगढ कलम’ म्हणतात. प्रत्येकाची रंग भरण्याची नक्षी वेगळी, जणू सहीच. सुभाष आणि दुर्गाबाई या गोतावळ्यातले. तेव्हा ‘भीमायन’ हे एका कुटुंबाची गोष्ट दुसऱ्या कुटुंबाने चितारल्यासारखं झालं आहे.

या जनगढच्या नावाची एक गंमत सांगतात. तो जन्मला तेव्हा गावात जनगणना चालू होती, म्हणून नाव पडलं जनगढ. रकाने भरायला आलेल्या माणसांवरून ज्याचं नाव पडलं, त्याच्याच शिष्यगणातून चौकटी नाकारणारं पुस्तक आलं!

रकान्यांचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबू या. कारण हिंदुस्थानची माणसं रकान्यांत बसवण्याचा उद्योग इंग्रजांनी फार हौसेने केला.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते हर्बर्ट रिस्ले. त्यांचा नाकांवर फार भरवसा. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा नासिकांक. ज्याचं नाक रुंद त्याची जात खालची आणि ज्याचं नाक अरुंद त्याची वरची, कारण जातीच्या मुळाशी वंश आहे, असा त्यांचा सिद्धांत. ज्या वर्षी मसूरला नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाणी मिळालं नाही, त्याच वर्षी सरकार दरबारी जातींची उतरंड लावण्याचं काम जोरात चालू होतं. स्टेशनमास्तरने मात्र त्याचं नाक मोजलं नव्हतं. टोपी पाहून ब्राह्मण ठरवलं आणि उत्तर ऐकून महार.

वंशाच्या या शास्त्राची झळ सकपाळांच्या घराला आधीच लागली होती. महारांनी कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात, वडील रामजी लष्करी शाळेत शिक्षक, आईचे वडील मुरबाडकरही सुभेदार मेजर. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, तोही महूच्या लष्करी छावणीत. महू भोपाळपासून फार लांब नाही. सैन्यात मुलांना शिकवणं सक्तीचं होतं, म्हणून त्या घरात पुस्तक आलं. आणि मग १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ठरवलं की हिंदुस्थानात काही वंश लढवय्ये असतात आणि काही नसतात. महार दुसऱ्या रकान्यात गेले, भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. पुढे महायुद्धं आली, माणसं कमी पडू लागली, तेव्हा तेच महार पुन्हा लढवय्ये ठरले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिचं केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागरला आहे. साम्राज्याने एका हाताने पाटी-पेन्सिल दिली आणि दुसऱ्या हाताने दार लावलं. या राज्याचा हिशेब एका ओळीत मांडणाऱ्यांवर, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, माझा म्हणून विश्वास बसत नाही.

आता १९१६ या वर्षाकडे या. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अद्भुत गोष्ट इथे दिसते.

त्या वर्षी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. हा मध्य प्रांत म्हणजे नागपूर राजधानी असलेला प्रांत. त्यात आपला मराठी विदर्भही होता आणि पाटनगढही. जातींची नावं रोमन वर्णानुक्रमाने लावलेली. त्यामुळे चौथ्या खंडात महार येतात, आणि त्याच खंडात, बरीच पानं ओलांडली की, परधान. दोघांचे देव, दोघांची लग्नं, दोघांचे विटाळ, सगळं टिपून ठेवलेलं. दोघांनाही विचारून घेतलेलं काही नाही.

त्याच वर्षी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांचा एक महार विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने हिंदुस्थानातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्याने शांतपणे सांगितलं की युरोपियन अभ्यासकांनी रंगाला नको तितकं महत्त्व दिलं आहे, कारण ते स्वतःच रंगद्वेषाने भारलेले आहेत. जात वंशातून आलेली नाही. ती लग्नाच्या बंदीतून, जातीतल्या जातीतच सोयरीक करण्याच्या सक्तीतून टिकते. खंडातल्या एका नोंदीने वर मान करून नोंद करणाऱ्यालाच तपासलं होतं!

या मुद्द्याला बाबासाहेब शेवटपर्यंत चिकटून राहिले. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेंचे आकडे उलटेपालटे करून पाहिले होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांची ती मापं रिस्लेंच्याच सिद्धांतावर उलटवली. निष्कर्ष असा की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. ते पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि आपल्या चोखामेळ्याला अर्पण केलं. पण जात म्हणजे वंश नव्हे म्हणून वंशद्वेषाशी आपला संबंध नाही, असं त्यांनी मानलं नाही. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागवली होती. उत्तरही आलं. दुखणं वेगळं असलं तरी वैद्य एकमेकांना विचारतातच.

परदेशातल्या वर्षांनी काय केलं, ते बडोद्याच्या प्रसंगात कळतं. न्यूयॉर्कला आणि लंडनला राहून १९१७ मध्ये परतलेल्या या तरुणाच्या मनातून आपण अस्पृश्य आहोत ही गोष्टच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. बडोदा स्टेशनवर उतरल्यावर ती पुन्हा आठवली. जायचं कुठे? पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. पुढे १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात हौदावर हात-तोंड धुतल्याबद्दल मुसलमानांचा जमाव अंगावर आला. हिंदू स्टेशनमास्तर, पारशी धर्मशाळा, मुसलमान पहारा. हे तिन्ही प्रसंग एका पुस्तकात आल्यावर कुणालाही बोट दुसऱ्याकडे दाखवायला जागा राहत नाही.

परधानांचा आणि साम्राज्याचा संबंधही फक्त खंडापुरता नव्हता, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. ऑक्सफर्डहून धर्मप्रसारासाठी १९२७ मध्ये पुण्याला आलेले वेरियर एल्विन पुढे ते काम सोडून मंडल्याच्या डोंगरात राहायला गेले. काही काळ पाटनगढलाच राहिले. त्यांच्याबरोबर पहिल्यापासून होते शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती घरातले. एल्विन जगाला ठाऊक झाले, हिवाळे मागे राहिले. पण परधानांवरचं पहिलं मोठं पुस्तक हिवाळ्यांनी १९४६ मध्ये लिहिलं. त्यांचं नाव निदान मराठीत तरी लोकांना माहीत असायला हवं होतं.

साठ वर्षांनी पाटनगढने परतभेटही दिली. जनगढचा पुतण्या भज्जू श्याम याला लंडनच्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला बोलावलं. दोन महिने राहून त्याने जे पाहिलं त्याचं २००४ मध्ये पुस्तक झालं, ‘द लंडन जंगल बुक’. विमान म्हणजे उडणारा हत्ती, बिग बेन म्हणजे कोंबडा, रात्री पबमध्ये गोळा होणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने सिवनीच्या जंगलावर ‘जंगल बुक’ रचलं होतं. सिवनीशेजारच्या मंडल्याच्या माणसाने त्याची परतफेड केली, तीही न रागावता.

‘भीमायन’ला दोष नाहीत असं नाही. काही पानांवर निवेदन शिकवणीच्या सुरात जातं, चित्राने आधीच सांगितलेलं पुन्हा सांगतं. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाईंना आणखी जागा हवी होती. मधूनमधून खैरलांजीसारख्या अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या येतात, त्या मात्र मला खटकल्या नाहीत. बसथांब्यावरच्या माणसाला ‘हे पूर्वी होतं’ म्हणायची सोय त्या ठेवत नाहीत.

भोपाळला गेलात तर भारत भवन आणि श्यामला हिल्सवरचं जनजातीय संग्रहालय पाहाच. पुस्तक हाती लागलं तर घरातल्या लहान मुलापुढे ठेवा आणि मजकूर वाचण्याआधी त्याला नुसत्या पाखरं आणि नांग्या शोधायला सांगा. मसूर स्टेशन अजून आहे, पुणे–मिरज मार्गावर, सातारा आणि कराडच्या मध्ये.